न दुखणारा गुडघा

आमचे हे फुटबॉल क्लबात मालिश करतात. काळे केस तिथेच पांढरे केले. टेबलावर खेळाडू आला की यांच्या तोंडाला कुलूप. म्हणतात, "माझे हात बोलतात." घरी मात्र हातही मुके, साधी भाजीची पिशवी उचलायची मारामार.

यंदा क्लबाने परदेशातून एक गोलरक्षक आणला. दारातून वाकूनच आत येणारा, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. सराव संपला, बाकीचे आपापल्या घरी पळाले, की लंबू टेबलावर हजर. "काका, गुडघा." कधी उजवा, कधी डावा. सूज नाही, गाठ नाही. पण आमचे हे म्हणजे भोळा सांब! रोज चोळत बसायचे.

आता क्लबाचा नियम असा, की कुणाचं काही सारखं दुखत असेल तर मालिशवाल्याने ते प्रशिक्षकाच्या कानावर घालायचं. यांनी इमानेइतबारे घातलं. प्रशिक्षक उखडलाच. "असल्या गुडघ्यांचं काय लोणचं घालू? शनिवारची मॅच झाली की पाठवा याला परत."

हे घरी आले ते तोंड पाडून. जेवणही गेलं नाही. मी म्हटलं, "अहो, पण तो चालतो कसा?"

"चालतो कसला, जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढतो."

"मग दुखतं काय त्याचं, कर्म माझं! विचारलंत कधी?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. लंबू मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "काका, काही नाही दुखत. खोलीवर गेलो की पलंग, खुर्ची आणि मी. मैदानात माझ्या अंगाला फक्त चेंडू लागतो. इथे माणसाचा हात लागतो."

हे तडक प्रशिक्षकाकडे गेले. "त्याचे गुडघे ठणठणीत आहेत. माझंच चुकलं."

"मग रोज तुमच्या टेबलावर काय करतो तो?"

खरं सांगावं तर पोराचं हसं झालं असतं. त्या संघातला एकेक नग मला माहीत आहे. हे म्हणाले, "मीच बोलावतो त्याला. गप्पा मारायला."

"तुम्ही? आणि गप्पा?" प्रशिक्षक पोट धरून हसला. पण त्याने लंबूला जिन्यावरून वर-खाली पळवून पाहिलं, आणि ठेवून घेतलं.

मग आली पंचाईत. थाप मारली, ती निभवायला नको? रोज सकाळी हे माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात. "अगं, आज काय बोलू त्याच्याशी?" मी सांगते, त्याच्या आईचं विचारा, घरचं विचारा. परवा तर चपला काढता काढता सुरू झाले, लंबूची बहीण किती भांडकुदळ आहे, घरातलं मांजर कसं तिलाच घाबरतं. मला ऐकायला बरं वाटलं, आणि रागही आला. इतकी वर्षं या घरात आम्ही दोघंच, पण माझ्याशी काय बोलावं, हे यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

"अहो," मी म्हटलं, "माझाही गुडघा दुखतो."

हे उठून तेलाची बाटली घेऊन आले. उजवा की डावा, ते विचारलं नाही.