वॉल्टरआजोबांचा पास

म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम केलेल्या माणसाला किश्शांची कधी वानवा नसते. एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा डोकावतो. साउथहॅम्प्टनला मी त्या वॉर्डात लागले ती एटीजमध्ये. इथली गोरी पोरं तिकडे यायला नाक मुरडायची, म्हणून आम्हा देशी डॉक्टरांना चटकन जॉब मिळायचा. माझं तर नशीबच म्हणा, कारण तिथे मला वॉल्टरआजोबा भेटले.

नव्वदीला टेकलेले. तरुणपणी, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, पगारी फुटबॉलर. हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतून पुढच्यांना बॉल पुरवणारा. पडून हिप मोडला, आमच्याकडे ऑपरेशन झालं. घरी बायको एल्सी, तिची नजर पार अधू झालेली. आजोबा स्वतःचं स्वतः करू शकले तर घर, नाहीतर वृद्धाश्रम. मग एल्सीनं एकटीनं करायचं काय? त्यामुळे त्यांचं एकच पालुपद, मला घरी जायचंय.

*

एक्स-रेमध्ये नडगीजवळचं बारीक हाड वाकडं जुळलेलं दिसलं. मी विचारलं, "हे कधी मोडलं?"

"पहिल्या हाफमध्ये."

"आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या हाफमध्ये विंगवर."

तेव्हा म्हणे बदली खेळाडू नसायचाच. लंगडत का होईना, कडेला उभं राहायचं, म्हणजे समोरचा एक गडी तरी आपल्यावर अडकतो. आमचे कन्सल्टंट महाखडूस, कुणाचं कौतुक म्हणून करायचे नाहीत. ते दिवसभर येईल त्याला ती फिल्म दाखवत होते.

*

एका बुधवारी फिजिओनं मऊ बॉल आणला. गोलात खुर्च्या मांडून बसल्या बसल्या एकमेकांकडे टाकायचा, व्यायाम म्हणून. आजोबांनी तो हातात फिरवून पाहिला आणि परत दिला. "आज बुधवार आहे. शनिवारी आण."

त्यांचा ट्रेनर आठवडाभर नुसतं पळवायचा, बॉलला हात म्हणून लावू द्यायचा नाही. शनिवारी मॅचला पोरं बॉलसाठी भुकेली हवीत ना!

शनिवारी फिजिओला सुटी. तरी ती बया आली, बॉल घेऊन. आजोबांनी बसल्या जागेवरून, मोजे घातलेल्या पायानं, वर्तुळातल्या प्रत्येकाला अचूक पास दिला. झोपलेल्यांनासुद्धा.

*

जेवणाच्या वेळी एक स्टुडंट नर्स ट्रे घेऊन वॉर्डभर धावायची. आजोबांना ते बघवेना. "पळतेस कशाला? पास कर. बॉल दमत नाही, माणूस दमतो."

दुसऱ्या दिवशी ज्यांना बसता येत होतं त्यांच्या खुर्च्या ओळीनं लागल्या आणि ट्रे हातोहात निघाले. वॉर्डात पहिल्यांदाच सगळ्यांना सूप गरम मिळालं. सिस्टर तणतणत आल्या, कमरेवर हात ठेवून जरा वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मी कुठे उभी राहू?"

*

घरी सोडण्याआधी हॉस्पिटलच्या किचनमध्ये चहा करून दाखवावा लागतो. आपल्याकडे मुलगी बघायला आल्यावर पोहे, तसा इथे म्हाताऱ्यांचा चहा. परीक्षा घेणारी मॅगी भलती कडक. तिनं नापास केलं की संपलं.

आजोबांनी वॉकर धरून केटल लावली, चहा केला, झकास. पण नेणार कसा? दोन्ही हात वॉकरला. ट्रॉली त्यांच्या घरच्या किचनमध्ये मावत नव्हती. एल्सी बसनं आली होती, ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेली. मी दारात उभी.

आजोबांनी एका हातानं चहाचा मग हलकेच ढकलला. तो ओट्यावरून सरकत गेला आणि एल्सीसमोर थांबला. तिनं न चाचपडता कान धरून उचलला.

मॅगी म्हणाली, "वॉल्टर, हे एकट्यानं करायचं असतं. उद्या त्या नसल्या तर?"

"ती नसेल तर चहा करायचा कुणासाठी?"

तेवढ्यात दुसरा मग सरकत आला आणि बरोबर मॅगीच्या पुढ्यात थांबला. एक थेंब सांडला नाही.

मॅगीनं एक घोट घेतला, मग आणखी एक. मग एल्सीकडे वळून विचारलं, "तुमच्या घरचा ओटा केवढा आहे?"

"याच्या निम्मा," एल्सी म्हणाली.