महिनाभर आक्का मीच

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खं बसस्थानक आक्का म्हणतं. एकोणतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून त्या माइकवर गाड्या पुकारतात. "फलाट तीनवरची गाडी सुटतेय, पोरं सांभाळा" असं त्या म्हणाल्या की बाकावर घोरणारा माणूससुद्धा ताडकन उठून पिशवी उचलतो.

त्याच गळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर चकार शब्द काढायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं. आणि या बाईंना काळजी कसली? तर परदेशातल्या लेकाला कळता कामा नये, जिवाला घोर लावून घेईल! लेकसाहेबांना फोनवर बोलायला सवड नसते, म्हणून त्या रोज सकाळी फोनमध्ये आवाज भरून निरोप पाठवायच्या. मला पाटीवर लिहून दाखवलं, 'तू बोल.'

माझा आवाज म्हणजे फुटका डबा. घाबरत घाबरत बोलले, "बाळा, जेवलास का?" आता पकडणार, म्हणून दोघी फोनकडे बघत बसलो. उत्तर आलं. अंगठा.

दुसऱ्या दिवशीही अंगठा. आठव्या दिवशी, 'मस्त, आई.' आक्कांची धास्ती कधीच सरली होती. आज तरी ओळखेल म्हणून त्या वाट बघायला लागल्या. मी मुद्दाम खोकले, ठसकले, एकदा तर त्याला "मेल्या" म्हणाले. आक्का जन्मात म्हणणार नाहीत. पुन्हा अंगठा!

विसाव्या दिवशी एक कंडक्टर पत्ता शोधत आला. "माइकवर दुसरंच कुणी बोलतं. आक्का बऱ्या आहेत ना?" संत्री ठेवून गेला बिचारा. ना नात्याचा, ना गोत्याचा.

माझं डोकंच फिरलं. लेकाला फोन लावला, स्पीकरवर. ऑपरेशनचं बोलायचं नाही, अशी शपथ होती. एवढंच विचारलं, "काय रे, आईचा आवाज कसा वाटतो हल्ली?"

"आवाज? काकू, ऐकत बसायला वेळ कुणाला आहे? फोनच सगळं लिहून दाखवतो. वाचून टाकतो पटकन."

वाचून टाकतो म्हणे! नऊ महिने पोटात वाहिलं त्याला त्या बाईने! आक्का पाटी पुसत राहिल्या. कोरीच होती ती.

महिना भरला. डॉक्टरांनी परवानगी दिली. मी फोन त्यांच्या तोंडापुढे धरला, "घ्या, बोला आता तुमच्या लेकाशी."

आक्कांनी तो माझ्याकडे सरकवला. घोगऱ्या आवाजातलं त्यांचं पहिलं वाक्य मलाच ऐकायला मिळालं.

"तूच बोल गं. त्याला काय फरक पडतो."