जीपखाली झोपून निवडलेला गिअरबॉक्स

मंडळी, आज मी माझ्याच अकलेनं माती खाल्ली.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या जुन्या जीपला मी मोठं डिझेल इंजिन बसवलं. जुना गिअरबॉक्स त्या ताकदीला टिकला न्हाई, पहिल्याच चढाला त्याचे दात गेले. तेव्हापासून दुसरा शोधून राहिलो. चारही चाकं ओढणाराच पाहिजे. किनवटकडच्या आमच्या शेताला नाल्यातून जावं लागतं अन् अण्णांना गुडघ्यांमुळं आता तिथवर चालत जाववत न्हाई.

तीन महिन्यांनी नांदेडच्या भंगार बाजारात दोन सापडले, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. विकणाऱ्यानं फोनवर विचारलं, "पुढच्या चाकांचा शाफ्ट कोणत्या बाजूला हाय?" मी मागून जीपखाली शिरलो, उताणा पडून बघितलं अन् सांगितलं, "डावीकडं."

आज भोकरहून मिस्त्री चाचा घरी आले. गिअरबॉक्स इंजिनला झकास बसला, शाफ्ट मात्र उलट्या बाजूला निघाला.

"अरे बाबा, डावं-उजवं सीटवर बसून सांगायचं असतंय, झोपून न्हाई," म्हणत चाचांनी तो परत खाली उतरवला.

विकणाऱ्याला लगेच फोन लावला. उजव्या बाजूचा कालच विकला गेला म्हणे.

अण्णा सगळं ऐकत होते. काठी टेकत गेले अन् जीपमध्ये चढून बसले. गिअरची दांडी असायची, तिथं हात ठेवून अजून बसलेत.

कुणाकडं हाय का हो उजव्या बाजूचा? नसंल तर एवढंच सांगा, त्यांना खाली उतरा म्हणून कसं म्हणू?