वरची एक पेटी

परभणीत त्या काळी पोरीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला म्हणजे गल्लीतले लोक बंद पडलेले रेडिओ घेऊन दारात यायचे. एक काकू तर शिलाई मशीन घेऊन आल्या. ‘ह्यात वीज नसती हो काकू,’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘मग तू शिकलीस तरी काय?’ मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. पण काकूंचं फार चुकत नव्हतं. मी जे शिकले होते ते करायला परभणीत जागाच नव्हती. घरचे म्हणायचे, शाळेत विज्ञान शिकव. शाळा वाईट नव्हे. पण मला हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी हवी होती, खडू नको होता.

अशात भाऊ पुण्याहून परत आले. भाऊ माझे नात्यातले कुणी नव्हेत. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्यांत वर्कशॉप टाकलं होतं. माणसं तीनच. भाऊ, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की वहिनी म्हणायच्या, ‘कांडी कशाला लावायलीस? बोर्ड नुसता वर धर की.’ मी तिथं इतकी खूश होते की रविवार आला की माझं तोंड उतरायचं. आई म्हणायची, ‘कामाचं येड लागलेली पोरगी मी पहिल्यांदाच बघायले.’

आम्ही बनवत होतो कापसाचा ताप बघणारी पेटी. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामात कापसाचे डोंगर लागतात. त्यात ओला माल आला तर ढीग आतल्या आत तापत जातो, वरून कुणाला कळत नाही, आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक ढिगात एक लांब सळई, सळईच्या टोकाला एक पत्र्याची पेटी, आणि सगळ्या पेट्या एकाच तारेवर. तारेच्या शेवटी ऑफिसात संगणक. तो मास्तरासारखी हजेरी घ्यायचा. ‘सात नंबर!’ सात नंबरची पेटी म्हणायची, ‘एकतीस डिग्री.’ तेव्हा बाकीच्या गप्प. एवढंच. पण एवढं जमायला प्रत्येक पेटीला आपला नंबर ठाऊक पाहिजे, आणि एकच नंबर दोघींना असता कामा नये.

तो नंबर पेटीतल्या एका छोट्या चिपमध्ये भरायचा. चिप यंत्रात बसवायची, आकडा दाबायचा, बटण दाबायचं. लाल दिवा लागून विझला की नंबर आत गेला, कायमचा. ह्याला आमच्या धंद्यात चिप जाळणं म्हणतात. वहिनींना तो शब्द अजिबात खपायचा नाही. ‘लेकराला कुणी जाळतंय व्हय? बारसं म्हणा बारसं!’ झालं, तेव्हापासून वर्कशॉपमध्ये बारसंच चालू झालं. चिप बोर्डावर बसवली की वहिनी वाकून तिच्याजवळ ‘कुर्रर्र’ करायच्या, आत्या बाळाच्या कानात करते तसं, आणि मग पेटीचं झाकण लावायच्या. भाऊ कपाळाला हात लावायचे. देव नाही, धर्म नाही, दाराला लिंबू-मिरची बांधली तर तोडून टाकणारा माणूस. पण बायकोच्या कुर्रपुढं त्यांचं काही चालायचं नाही. मला मात्र ते फार आवडायचं. विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आधीचा तो हिवाळा होता. नाव ही साधी गोष्ट नसते, हे त्या वर्षांत मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

देवगाव फाट्याजवळ एक जिनिंग होती. तिचे चेअरमन म्हणजे लय मोठे शेतकरी, शब्दाला पक्के आणि जिभेला तिखट. ते म्हणाले, ‘चोवीस ढिगांत चोवीस पेट्या लावा. आमच्यासमोर चालवून दावा. एक जरी चुकली तर सगळ्या गुंडाळून घेऊन जायच्या. हंगामाच्या टायमाला मला खेळणी नकोत.’

भाऊंनी आम्हाला दोघींना बसवून स्पष्ट सांगितलं, ‘हे जमलं तर वर्कशॉप चाललं. नाही जमलं तर संक्रांत झाली की शटर ओढायचं आणि पुण्याला जायचं. जुनी कंपनी घ्यायला तयार आहे.’ दुसऱ्या दिवशी वहिनींच्या स्वयंपाकघरात भांडी बांधायची रिकामी पोती दिसली. माझ्या डोळ्यांपुढं खडू नाचायला लागला. भाऊंना पुणं होतं. मला हे सोडून दुसरं कुठं काही नव्हतं.

मी जीव लावून चोवीस चिपांचं बारसं केलं. पेट्यांवर ठसठशीत आकडे रंगवले. त्यात दोन चिपा खराब निघाल्या, नेमक्या दहा आणि वीस नंबरच्या. लाल दिवा विझेचना. नव्या चिपा औरंगाबादहून एसटीच्या पार्सलनं यायच्या होत्या, आणि त्या ज्या दिवशी येणार त्याच दिवशी चारठाण्याला माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाचं बारसं. एकुलती एक आत्या मी. मी रडकुंडीला आले.

‘जा की तू,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्या लेकराला दुसरी आत्या हाय का? ह्या दोघींचं बारसं मी करते. बघून बघून आंधळीलाबी येईल ते.’

चारठाण्याचं बारसं काय सांगू! पाळणा झेंडूनं मढवलेला, बायकांचा नुसता कालवा. मी बाळाच्या कानात कुर्र केलं, तर पाठीत जमलेल्या बायकांचे धपाधप धपाटे बसले, रीतच आहे ती. आई आहेराच्या पाकिटात पन्नासाची नोट घालून निघाली होती, ती बसस्टँडच्या अर्ध्या वाटेवरून घरी परत फिरली आणि डब्यातला एक रुपया शोधून त्यात टाकला. शून्यावर आहेर कुणी देतं का? मी ते बघितलं आणि विसरून गेले. लहानपणापासून तेच तर बघत आलेली.

मी परतले तोवर भाऊंनी पेट्या ढिगांत बसवूनही टाकल्या होत्या. तार सकाळपर्यंत जोडून ते आम्हाला आणि संगणकाला न्यायला परभणीला आले, सगळ्या एकत्र तपासायला वेळच उरला नव्हता. आम्ही मॅटॅडोरनं फाट्यावर पोचलो. वहिनीही आल्या. ‘माझीबी मेहनत हाय त्यात,’ म्हणाल्या, आणि धपाटे-ठेच्याचा भला मोठा डबा मांडीवर घेऊन बसल्या.

जिनिंगच्या ऑफिसात चेअरमन मधोमध खुर्चीवर, डोक्याला रुमाल. भोवती संचालक मंडळी, दारात हमाल, खिडकीत आणखी कोण कोण. मी संगणक चालू केला आणि हजेरी सुरू झाली. एक नंबर, एकोणतीस डिग्री. दोन नंबर, तीस. लोक वाकून बघायला लागले. नऊपर्यंत पोरी कशा टुणटुणीत बोलल्या! माझी छाती फुगली.

दहा नंबर. काही नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही.

अकरा नंबर. पडद्यावर नुसती खिचडी. अर्धवट अक्षरं, चिन्हं, कशाचा कशाला मेळ नाही.

बारा ते एकोणीस पुन्हा सुरळीत. वीस गप्प. एकवीसला पुन्हा खिचडी. शेवटच्या तिघी नीट बोलल्या, पण आता तिकडं कोण बघतंय. भाऊंचा चेहरा पांढराफटक.

‘दोघी शाळंला आल्या न्हाईत,’ चेअरमन म्हणाले, ‘अन् दोघींना चढलीय वाटतं.’ सगळे हसले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ‘थांबा जरा!’ मी चेअरमनवर ओरडले. आजही आठवलं की माझे कान तापतात, पण ओरडले खरी. आणि तरातरा गोदामात गेले.

खिचडी केव्हा होते? एका हाकेला दोघी एकदम बोलल्या की. म्हणजे अकरा नंबरला कुणीतरी आगाऊ पोरगी मध्येच ओ देत होती. मी दहा नंबरची पेटी तारेपासून सोडवली आणि ओरडून विचारलं, ‘भाऊ, अकरा बघा!’

‘एकतीस डिग्री!’ आतून आवाज आला. ‘आली, अकरा आली!’

पेटी परत जोडली. पुन्हा खिचडी. सोडवली, अकरा चांगली. म्हणजे दहा नंबरची पेटी स्वतःला अकरा समजत होती! वीस नंबरचं तेच, ती एकवीस होऊन बसली होती. मी ऑफिसात येऊन सांगितलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी भाऊंकडं, आणि भाऊ हळूच वहिनींकडं.

वहिनी डब्याची कडी उघडत होत्या. ‘मीच केलं की ते,’ अगदी शांतपणे म्हणाल्या. ‘शून्यावर कसं द्यायचं? आपलं पयलं काम, पयलंच दार. मी वर एक घातला.’

‘अगं,’ भाऊ म्हणाले, ‘अकरा आधीच होती ना!’

‘असंना का. अकरा लोकांना अकरा-अकरा रुपये दिले तर भांडतेत का ते?’

भाऊ खाली बघत होते. मला वहिनींचा राग यायला हवा होता, पण खरं सांगते, आला नाही. ठेच्याचं झाकण त्यांना काही केल्या निघत नव्हतं. ती पोती त्यांच्याही डोळ्यांपुढं असणार. मी जाऊन झाकण काढून दिलं.

चेअरमननी मला विचारलं, ‘म्हंजी पोरी, पेटीनं चूक न्हाई केली?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तिला जे नाव सांगितलं तेच ती सांगायलीय.’

‘एवढ्या गोंधळात बी नाव न्हाई सोडलं?’

‘नाव कसं सोडेल? मेली तरी सोडणार नाही.’

आणि चेअरमन हसायला लागले. असे हसले, असे हसले की रुमाल सुटून खांद्यावर आला. ‘मग घोडं कुठं अडलंय? माझ्या संचालकांपरीस बऱ्या हायेत की ह्या!’ संचालकही हसले, न हसून सांगतात कुणाला. वहिनींचा पदर डोळ्याला गेला आणि तिथून तोंडाला, त्याही हसत होत्या.

आमच्याकडं चार कोऱ्या चिपा होत्या आणि यंत्रही गाडीत होतं. भाऊ म्हणाले, ‘आत्ता दहा आणि वीस करून देतो.’

‘खबरदार!’ चेअरमन कडाडले. ‘बाईनं सांगितलेलं कळलं न्हाई का? माझ्या गोदामात शून्याची पेटी नको. पंचवीस अन् सव्वीस करा.’

मी तिथंच टेबलावर दोघींचं बारसं केलं. लाल दिवा विझला तेव्हा मीच म्हटलं, ‘वहिनी, कुर्र करा.’ भर मंडळीत त्या लाजल्या, पण केलं. पुन्हा हजेरी झाली. सगळ्या एकामागून एक बोलल्या, आणि शेवटची सव्वीस बोलली तेव्हा दारातल्या हमालांनी टाळ्या पिटल्या. मग तो डबा असा संपला की वहिनींना वाटेकरता एक धपाटा उरला नाही.

निघताना चेअरमन भाऊंना म्हणाले, ‘पुढच्या हंगामाला आणखी लागतील. दोन्ही गोदामं मिळून पन्नास धरा.’

‘पन्नास,’ भाऊ म्हणाले.

वहिनींनी घसा खाकरला.

‘एक्कावन्न!’ चेअरमननी लगेच जीभ चावली. ‘एक्कावन्न, एक्कावन्न. ढीग पन्नासच हायेत, पण पैसे एक्कावन्नाचे घ्या. वरची एक तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. वरचा एक कशाला अस्तो भाऊ? येणंजाणं तुटू नये म्हून.’

देव न मानणाऱ्या आमच्या भाऊंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्या संध्याकाळी वहिनींनी पोती भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं की शाळेचा विषय आता पुन्हा काढायचा नाही.

वर्कशॉप पुढं लय वर्षं चाललं. हजारो पेट्या बनल्या, शेकडा ओलांडला, पण शेवटी शून्य असलेला नंबर आम्ही एकीलाही दिला नाही. भाऊ गिऱ्हाइकांना त्याचं काहीतरी शास्त्रीय कारण सांगायचे, आणि मी तोंड फिरवून हसायचे. एक्कावन्न नंबर आम्ही राखून ठेवला होता. ती पेटी वहिनींनी स्वतः केली, आकडा स्वतः दाबला, आणि ह्या वेळी कुर्र भाऊंनी केलं. कुणी बघत नाही असं त्यांना वाटलं होतं.

ती पेटी आता माझ्याकडं आहे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जुन्या संगणकाच्या तारेला लावलेली. वहिनी आता मुलाकडं पुण्याला असतात. भांडी शेवटी पुण्याला गेलीच, पण घाई न करता गेली. दर आठवड्याला त्यांचा फोन येतो. माझी चौकशी नंतर. आधी विचारतात, ‘माझी एक्कावन्न कशी हाय?’

मी हाक मारते, उत्तर वाचते आणि सांगते, ‘बरी हाय वहिनी. बत्तीस डिग्री.’