कागदांना जागा

माझ्या माडीवर आठ वर्षं एक ज्यू धर्मगुरू भाड्यानं राहतोय. थंड मुलखातून इकडं आलेला. त्यांच्यात त्याला रब्बी म्हणतात. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, "रब्बी आला, आता खरीप कवा?" मला काही हसू आलं नाही. मी चौथी शिकलेला, पण माणूस वळखतो, आणि हा काही वळखू येत नव्हता.

पुण्यातल्या आणि कोकणातल्या आपल्या लोकांसाठी तो महिन्याला चार पानांचं वर्तमानपत्र काढतो. दोन पानं मराठी. कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, सण कधी. एवढ्यासाठी माणूस देश सोडतो होय? पोलिसांत त्याच्या भाड्याचा कागद मी स्वतः नेऊन दिला, आणि नंतर दोनदा चौकीत जाऊन विचारूनही आलो.

सगळ्यात खटकायची त्याची रद्दी. भंगारवाला आला की आख्खी आळी पेपर द्यायची. हा एक कपटा द्यायचा नाही. सगळं पोत्यात भरून, तोंड शिवून जिन्याखाली ठेवायचा. रद्दी शिवून ठेवणारा माणूस चाकणात मी दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी तो खाली आला. "काका, तुमच्या शेतात थोडी जागा द्याल का? कमरेएवढा खड्डा. ही पोती पुरायची आहेत."

आमची जमीन कंपन्यांत गेली. उरलेत अकरा गुंठे, दोन्हीकडून भिंती. त्यावर कुणाचा डोळा नाही ते विचारा. आणि जमीन कशी जाते ते मी पाहिलंय. माझ्या चुलतभावाच्या बांधावर कुणी तरी एक दगड ठेवला, शेंदूर फासला. महिन्यात वर पत्रा आला, वर्षात मंडप. सातबारा चुलतभावाच्या नावावर, आणि आता चप्पल काढून त्यालाच जावं लागतं.

"काय हाय त्यात?" मी विचारलं.

"देवाचं नाव आलेले कागद. ते आम्ही फेकत नाही, जाळत नाही. माणसासारखे पुरतो. आमच्या दफनभूमीत यंदा जागा नाही म्हणाले."

"मंजी कबर."

"कागदांची."

"कबर ती कबर. न्हाई जमायचं."

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र येता-जाता नमस्कार करायचा. बायको म्हणाली, "अवं, पोत्यात बाँब असता तर सात वर्सांत फुटला नसता व्हय?"

तरी मी पोती सोडायला लावली. त्यानं शिवण कापली. आत फाटक्या पोथ्या, आणि त्याचंच वर्तमानपत्र, त्यातही देवाचं नाव. एक अंक मी बोट ठेवून वाचला. अलिबागकडची कोणी म्हातारी वारली होती. सासरी तेलाचा घाणा, बाळंतपण कुणाचंही असो, पहिली हीच धावायची. आमच्या आळीतलीच म्हातारी म्हणा ना. पण छापायला काय, काहीही छापता येतं.

"वर दगड कसला ठेवणार?" मी विचारलं.

"दगड नको."

"पाटी?"

"काहीच नको. तुम्ही वरून नांगर घाला."

"आन् तुमची माणसं दर्शनाला येणार?"

"कागदाच्या दर्शनाला कोण येतं, काका? आले तर तुमची मेथी न्यायला येतील."

जमीन लाटायला आलेला माणूस आधी दगड ठेवतो. हा नको म्हणत होता.

जागा मीच ठरवली. बांधावर नाही, पार मधोमध, जिथं चारी बाजूंनी माझंच रान. खणलंही मीच. माती लोटताना तो पुटपुटला तेव्हा मी फावडं थांबवलं.

"काय म्हणालात?"

"आभार मानले."

"माझं का देवाचं?"

"दोघांचे."

वर मेथी पेरली. तरी वर्षभर सकाळची पहिली फेरी मी तिथंच मारली. हार, मेणबत्ती, लिंबू, काही दिसतंय का बघायला. काही नाही. तो तर एकदाही फिरकला नाही. शेवटी मलाच राग आला. आळीतली माणसं ओट्यावर बसलेली असताना त्याला जिन्यात अडवून म्हणालो, "अहो, एवढं पुरलंत, एकदा बघून तरी या की!"

"काय बघायचं, काका? जमीन तुमची आहे."

चार माणसांदेखत म्हणाला. बरं झालं.