हात मागे बांधणारे फिटरकाका

फिटरकाकांचे हात बघायचे तर त्यांच्या पाठीमागे जावं लागे. वर्कशॉपमध्ये ते कायम हात मागे बांधून उभे असत, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. पुढे यायची ती नुसती मान. "डावीकडं आवळ. तुझं डावं गं, माझं नाय." एवढं बोलून मान पुढच्या सायकलीकडे वळायची.

वर्कशॉप म्हणजे दहिवलीतली बंद पडलेली भाताची गिरण. भिवपुरीच्या पॉवर हाउसमधून रिटायर झाल्यावर काकांनी ती मालकाकडून मागून घेतली होती. मुंबईकर आमच्याकडे बंगले बांधतात, हौसेने सायकली आणतात आणि एका पावसाळ्यात गंजवून टाकतात. काका त्या टेंपोत घालून आणत. ज्याला सायकल हवी त्याने आधी एक दुसऱ्या कुणासाठी दुरुस्त करायची, मग एक स्वतःसाठी. ही दुसरी घरी न्यायची, फुकट. फक्त काम सगळं आपल्या हातचं हवं.

"मी हात लावला की सायकल माझी," हे ते दारातच प्रत्येकाला ऐकवत. पोरं त्यांची परीक्षा घ्यायला मुद्दाम पाना खाली पाडायची. काका तो चपलेने सरकवून परत द्यायचे.

मला सायकल हवी होती ती नर्सिंगच्या कोर्ससाठी. वर्ग कर्जतला, तोही भल्या सकाळी, आणि आमच्या गावाहून पहिली रिक्षा निघेपर्यंत तिथे वर्गाचा अर्धा तास होऊन गेला असता. माझ्या वडिलांनी, आबांनी, सांगून टाकलं होतं, "सायकल मिळव, नायतर पुढच्या साली बघू." पुढच्या साली काय बघणार होते ते मला चांगलं ठाऊक होतं. बघून ठेवलेला नवरामुलगा चौक गावात गॅरेजात होता.

एक सायकल दुरुस्त करून मी वर्कशॉपला देऊन टाकली. स्वतःसाठी एक काळी, जुन्या धाटणीची निवडली. सगळं जमलं, पण पायडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन काही निघेना. तेल घातलं, ठोकून पाहिलं, शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी कोर्स सुरू होणार होता. संध्याकाळी मी हातोडी टाकून तिथेच रडायला बसले.

काकांनी हातोडी उचलली आणि एकच ठोका घातला. पिन टणकन बाहेर पडली.

गिरणीत सगळ्यांचे हात थांबले. माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये शिकणारी मंदा, तिला गप्प बसणं कधी जमलंच नाही, म्हणाली, "काका, तुमी हात लावलात."

काका हातोडीकडे बघत राहिले. "लावला खरा," ते म्हणाले. "मग सायकल माझी."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी सायकल नवी पिन घालून उभी केली आणि तिच्यावर बसून घरी निघून गेले. इतका दुष्ट माणूस मी पाहिला नव्हता. रस्ताभर त्यांच्या नावाने बोटं मोडत मी घरी चालत आले.

सकाळी अंगणात घंटी वाजली. काळ्या सायकलीवर काका, एक पाय जमिनीला टेकलेला. "बस मागं. सायकल माझी हाय, कुठं न्यायची ते मी ठरवीन."

आबांच्या तोंडातली दातवणाची काडी तशीच राहिली.

गणपतीपर्यंत त्यांनी मला रोज कर्जतला सोडलं. रस्त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. नदीवरच्या पुलाचा चढ आला की "उतर गं, चेन ताणते," म्हणायचे. धाप त्यांना लागलेली असायची, बदनाम मात्र चेन व्हायची. वर्ग सुटला की मी गिरणीत जाऊन स्वतःसाठी दुसरी सायकल जुळवत असे. काका हात मागे बांधून शेजारी उभे. ती तयार झाल्यावर "येत जा," एवढंच म्हणाले आणि सकाळी यायचे बंद झाले.

मी नर्स झाले, खालापूरला दवाखान्यात लागले. वर्कशॉप मंदा बघू लागली. काकांचे गुडघे गेले, आणि मुलगी त्यांना पुण्याला न्यायचं म्हणाली. निघायच्या दिवशी त्यांनी मला गिरणीत बोलावलं. काळी सायकल भिंतीला टेकलेली होती, पुरती गंजलेली.

"ही तू घेऊन जा," काका म्हणाले.

"फुकट नाय हां," मंदा म्हणाली. "तुमचाच नियम हाय, काका."

मी साडीचा पदर खोचला आणि बसले. बाकीचं भराभर झालं. कॉटर पिन पुन्हा तशीच अडून बसली. मी तेल मुरू दिलं, खाली लाकडाचा ठोकळा लावला, ठोके घातले. काका हात मागे बांधून बघत होते. मला त्यांच्याकडे वर बघवेना, कारण यानंतर ती मान माझ्या खांद्यावरून डोकावणार नव्हती. शेवटी पिन निघाली.

"निघाली," काका म्हणाले.

स्टेशनवर मुलगी वाट बघत होती. मंदा रिक्षा आणायला निघाली तर काका म्हणाले, "कशाला?" आणि कॅरिअरवर बसले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी हात पुढे घेऊन माझी सीट घट्ट धरली.

"काका, हात लागला," मी म्हणाले. "सायकल तुमची झाली."

"झाली तर झाली. तू चालव."

पुलाचा चढ आला. चेन ताणत होती. मी त्यांना उतरायला सांगितलं नाही.