एक्स-रेमध्ये न दिसलेली सूज

डॉक्टर मॅडमनी माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी गार जेल लावलं, त्यावर सोनोग्राफीचा छोटा प्रोब टेकवला आणि मशीनवरचं एक बटण दाबलं. पडद्यावरच्या करड्या चित्रात लाल ठिपके उमटले. चुलीतला निखारा फुंकल्यावर फुलतो तसे ते फुलत होते, विझत होते.

"हा लाल रंग म्हणजे रक्त. शांत सांध्यात एवढं रक्त धावत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या सांध्याचं आतलं अस्तर सुजलंय, वैशालीताई. हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे."

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आपल्या शरीराची जी ताकद रोगजंतूंशी लढते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते. हे मला मॅडमनी नंतर सावकाश समजावून सांगितलं. त्या क्षणी मात्र मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. फक्त वाटलं, चला, आता कुणाला पटवून द्यायला नको. एवढी दमले होते मी.

खोलीत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्या टक लावून पडद्याकडे बघत होत्या.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. थोडा ऊस, दोन म्हशी. माझे मिस्टर लष्करात हवालदार आहेत, तेव्हा ते सीमेवर होते. घरात मी, आत्या आणि माझी मुलगी सई. सकाळची धार माझ्याकडे असायची. आधल्या थंडीत एका सकाळी धार काढायला बसले आणि बोटं मिटेनात. सडावर पकड बसत नव्हती, हिसका बसत होता. म्हैस गरीब, पण तिनंही लाथ झाडली आणि दूध सांडलं.

मला वाटलं थंडी असेल. पण थंडी सरली तरी बोटं तशीच राहिली. उठल्यावर पार ऊन वर येईपर्यंत हात लाकडासारखे. मग हळूहळू सुटायचे. दुपारी मी भाकरी थापायची, कपडे धुवायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हिला काय झालंय? खरं तर हीच या आजाराची ओळख आहे. सकाळी आखडणं आणि कामाला लागल्यावर मोकळं होणं. पण एकत्र कुटुंबात हेच लक्षण माणसाला खोटं पाडतं. सकाळच्या कामाला हात दुखतात आणि दुपारी बरे होतात, हे कोण ऐकून घेणार?

कोरेगावात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. आत्यांचे गुडघे बरेच दिवस दुखत होते, म्हणून त्याही आल्या. दोघींचे एक्स-रे एकाच वेळी काढले. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडावर लावल्या. आत्यांच्या गुडघ्यात दोन हाडांमधली फट जवळजवळ संपली होती, कडेला हाडाचे काटे वाढले होते. "आजी, तुम्ही चालताय कशा?" असं डॉक्टर म्हणाले. माझ्या हातांची फिल्म बघून म्हणाले, "तुमची हाडं एकदम छान आहेत." रक्ताची आरए फॅक्टर नावाची तपासणी केली, तीही निगेटिव्ह आली. कॅल्शियमच्या गोळ्या आणि गरम पाण्याचा शेक घेऊन आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून घरात माझं दुखणं संपलं. म्हणजे माझ्यासाठी नव्हे, बाकीच्यांसाठी.

शेजारच्या काकू विचारायला आल्या तेव्हा आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "तिच्या फोटूत कायबी न्हाई. डाक्टरच म्हणला. माजे गुडगे बगा, हाडावर हाड घासतंय. तरी मी शेताला जातीच की." त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. एक्स-रे म्हणजे आतलं सगळं दिसतं, अशी आपली समजूत असते. माझीही तीच होती. कधीकधी मलाच वाटायचं, आपण उगाच तर करत नाही ना?

फोनवर मिस्टर म्हणायचे, "एक्स-रे चांगला आला म्हणजे चांगलंच की." तिकडे रेंज जायची, आवाज तुटायचा. त्यांना काळजीत टाकून काय करू? मी म्हणायची, "हो, चांगलंच."

उन्हाळ्यात हाताची बोटं सुजली, पायांचे चवडे दुखायला लागले. सकाळी जमिनीवर पाय टेकवला की खड्यांवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. सईची वेणी घालता येईना. ती शाळेत केस नुसते रबरात बांधून जायला लागली. त्याच कोरेगावच्या डॉक्टरांकडे मी परत गेले. त्यांनी माझी मूठ हातात घेऊन हलकेच दाबली. मी कळवळले. दुसरी मूठही तशीच दाबून बघून ते म्हणाले, "आता मी फिल्म बघून नाही, तुमच्याकडे बघून सांगतो. सांगलीला संधिवाताच्या तज्ज्ञ आहेत, त्यांना दाखवा." त्या शब्दांबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मिस्टरांनी फोनवर आत्यांना सोबत जायला सांगितलं. आत्या तोंड वाकडं करून निघाल्या. कोरेगावातून रेल्वेनं सांगली. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या आम्ही दोघी कठड्याला टेकत उतरलो. मला कठडा धरवत नव्हता आणि त्यांना पायरी उतरवत नव्हती.

दवाखान्यात तोबा गर्दी. जत, आटपाडीकडून आलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली. जवळजवळ सगळ्यांच्या हातात एक्स-रेची मोठी पाकिटं. दुपार उलटून गेल्यावर आमचा नंबर लागला आणि पडद्यावर ते लाल ठिपके दिसले.

मी मॅडमना विचारलं, "मग एक्स-रेत का नाही आलं?"

त्या म्हणाल्या, "एक्स-रेत हाड दिसतं. हाडाभोवतीचं अस्तर, सूज, पाणी हे त्यात नीट दिसत नाही. या आजारात आधी अस्तर सुजतं, हाड नंतर झिजतं. एक्स-रे खराब होईपर्यंत थांबलो तर उशीर होतो. आणि रक्तात आरए फॅक्टर न सापडताही हा आजार असतो."

आत्या पुढं सरकल्या. "बाई, माज्या बोटात बगा की. माजी तर सगळी वाकडी झाल्यात."

बाहेर एवढी माणसं खोळंबलेली असताना मॅडमनी त्यांना खरंच जवळ बसवलं. आत्यांच्या बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर गाठी आहेत, बोटं बाजूला वळली आहेत. मॅडमनी प्रोब टेकवला. पडद्यावर हाडाची कड खडबडीत दिसली, पण लाल काही उमटलं नाही.

"आजी, तुमचं वापरून झिजलंय. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात याला. दुखतं, पण आग शांत आहे. हिची बोटं बाहेरून चांगली दिसतात, पण आत पेटलेलं आहे."

आत्यांनी आपला हात परत घेतला आणि पदराला जेल पुसलं. "व्हय," एवढंच म्हणाल्या.

माझी परीक्षा संपली असं मला वाटलं होतं. पण मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. "अजून मूल हवंय का?"

हवं होतं. सईच्या पाठीवर दुसरं व्हावं म्हणून आम्ही मिस्टरांच्या सुट्टीचीच वाट बघत होतो. मॅडमनी सांगितलं की या आजारावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या बाळाला धोका असतो. मूल हवं असेल तर काही महिने आधी ती बंद करावी लागते. गरोदरपणात चालतील अशा दुसऱ्या गोळ्या आहेत, पण एवढी सूज त्यांनी आटोक्यात येईल का, हे सांगता येत नाही. हाड झिजायला लागलंय का, ते बघण्यासाठी त्यांनी हाताचा एमआरआय करायला सांगितलं.

आम्ही पलूसला माझ्या भावाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी एमआरआयला गेलो. एमआरआय म्हणजे चुंबकाचं मशीन. त्यात एक्स-रेचे किरण नसतात आणि हाडाच्या आतलंही दिसतं. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवावं लागतं. मंगळसूत्र काढलं. जोडवी मात्र निघेनात, बोटं इतकी सुजली होती. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. शेवटी भावानं जवळच्या सोनाराला बोलावून ती कापून घेतली. आत्यांचा चेहरा उतरला. कापलेली जोडवी त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि मशीनच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आत मला पालथं झोपवून उजवा हात डोक्याच्या पुढं ताणून ठेवायला सांगितला. हलायचं नाही. मशीनचा आवाज पत्र्यावर कुणी हातोडा मारत सुटल्यासारखा. खांदा भरून आला, मनगट ठणकायला लागलं. डोळे मिटून मी सईच्या वेणीचे पेड मोजत राहिले. ज्यांना ही तपासणी करायचीय त्यांना सांगते, दुखतं त्या हाताखाली उशी मागून घ्या. देतात. मला मागायचं सुचलं नाही.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी आल्या. बोन मॅरो एडिमा, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाला सूज. आणि एका सांध्याशी इरोजन, म्हणजे हाडाला पडलेली बारीक खाच. ती एक्स-रेत दिसायला अजून वेळ लागला असता. मॅडम म्हणाल्या, "ही खाच भरून येईल असं धरून चालू नका. पुढची पडू नये म्हणून आत्ताच औषध सुरू करायला हवं. निर्णय तुमचा."

परतीच्या गाडीत आत्या म्हणाल्या, "ती गोळी नगं. आदी पोर हू दे. मग बगू हाताचं."

"आत्या, मूल झालं तर त्याला उचलायचं कशानं?"

"मी हाय की."

"तुमचे गुडघे?"

संध्याकाळी मिस्टरांचा फोन लागला. त्यांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "हात तुझे हायत. तू ठरव. मी तुझ्याबरोबर हाय."

मी गोळी सुरू केली. रविवारी गोळी, सोमवारी अन्नाचा वास नको व्हायचा. केस गळायचे. ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. महिनाभर काहीच फरक पडला नाही. आत्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. पण पहाटे उठले की गोठ्यातून धारेचा आवाज यायचा. गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्या उलट्या टोपल्यावर बसून धार काढायच्या. मी म्हटलं, एक म्हैस विकू या. त्या टोपलं सरकवून दुसऱ्या म्हशीखाली बसल्या. नंतर विकलीच, त्यांनीच गिऱ्हाईक आणलं.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी सईला जवळ घेतलं आणि तिची वेणी घातली. सैल, वाकडी. शाळेच्या फाटकापर्यंत सुटली असेल. पण वेणी होईपर्यंत सईनं मान अजिबात हलवली नव्हती.

पुढच्या वेळी सांगलीला गेलो तेव्हा मॅडमनी पुन्हा सोनोग्राफी केली. लाल ठिपके कमी झाले होते. सगळे गेले नव्हते. त्या म्हणाल्या, "छान उतरतंय. अजून वर्षभर असंच राहू द्या, मग बाळाचा विचार करायचा असेल तर औषध बदलून बघू." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर, वर्षभरानं मला मूल हवं असेल की नाही, हे मला आज माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी असा विचार मनात आला असता तर मी रात्रभर जागले असते. आता नाही जागत. अंगात होती तेवढी ताकद बरं होण्यात गेली.

हे वाचणाऱ्यांत कुणाची बोटं सकाळी मिटत नसतील आणि हातात चांगल्या एक्स-रेचं पाकीट असेल, तर एवढंच सांगते. तो एक्स-रे खोटा नाही आणि तुमचं दुखणंही खोटं नाही. त्यानं फक्त हाड बघितलंय. सुजेचं काय, हे डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफी लागेल का, हेही विचारा. एकदा विचारून भागलं नाही तर परत विचारा. मी पूर्ण बरी झालेले नाही. पावसाळी हवेत अजून मनगट ठणकतं. पण हाडाची ती एक खाच सोडली तर नवीन काही पडलेलं नाही, आणि रोज सकाळी मी त्यासाठी हात जोडते. पूर्वी ते जोडलेही जात नव्हते.

मागच्या फेरीला मॅडमनी आत्यांना गुडघे बदलून घ्यायचा विषय काढला. कोरेगावच्या डॉक्टरांनीही तो कधीचा काढला होता. दर वेळी आत्या उडवून लावायच्या, "हाय त्ये बरं हाय." या वेळी त्यांनी नीट सगळं विचारून घेतलं. किती दिवस पडून राहायचं, कवा उठवतात, न्हाणीला कोण नेतं.

मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी उभं करतात, आजी. घरी गेल्यावर मात्र आधाराला माणूस लागतं."

"त्येच तर आडत हुतं," आत्या म्हणाल्या. "घरात दोन बायका. एकीचं पाय गेल्यालं, एकीचं हात. कुणी कुणाला उटवायचं?"

मग त्यांनी माझा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि माझी बोटं एकेक करून मिटवून बघितली. सगळी मिटली.

"आता उटवती की ही मला," त्या मॅडमना म्हणाल्या. "घाला तारीक."